सुईवाचून यकृतपरीक्षा

या पुस्तिकेसाठी लेख मागणारे मुख्याध्यापकांचे पत्र आले, तेव्हा त्यांची अपेक्षा काय असावी हे मला उमगले होते. जन्मभर मराठी शिकविलेल्या माणसाने संतवाङ्मयावर किंवा नाटकावर चार शब्द लिहावेत, हे ओघानेच आले. मी मात्र त्यांना उलट कळविले की, ज्या सरांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते ते आम्हांला पदार्थविज्ञान शिकवीत असत. आणि त्यांनी आठवीच्या वर्गात शिकविलेला एक धडा मला साठ वर्षांनी, बडोद्यातल्याच एका तपासणी-केंद्राच्या टेबलावर उताणा पडलो असताना, नव्याने समजला. त्या धड्याविषयीच लिहिण्याची परवानगी असावी. त्यांनी ती दिली. मी वैद्य नाही. परंतु रोगी म्हणून मला जे जाणून घ्यावे लागले, ते माझ्यासारख्या सामान्य वाचकाच्या उपयोगी पडेल, एवढ्याच विश्वासाने हे लिहीत आहे.

तो धडा असा होता. सर वर्गात सुताची एक लांब दोरी घेऊन येत. तिचे एक टोक खिडकीच्या गजाला बांधीत आणि दुसरे स्वतःच्या हाती धरीत. दोरी सैल असताना ते हाताला झटका देत. दोरीवर एक उंचवटा उठे आणि रमतगमत गजापर्यंत जाई. मग दोरी ताणून ते तोच झटका देत. या वेळी उंचवटा डोळ्याचे पाते लवण्यापूर्वी गजाशी पोहोचलेला असे. सर सांगत की, दोरी किती ताणलेली आहे हे कळण्यासाठी तिला चाचपून पाहण्याचे कारण नाही; तरंग किती वेगाने धावतो तेवढे पाहा, दोरी स्वतःची स्थिती आपण होऊन सांगते. आम्ही मुलांनी ते वहीत उतरवून घेतले आणि परीक्षेनंतर विसरून गेलो.

काळीज आणि यकृत

आपण मराठी माणसे 'काळीज' म्हणतो आणि हात छातीच्या डाव्या बाजूला नेतो. वास्तविक हा शब्द ज्या संस्कृत 'कालेय' शब्दापासून आला, त्याचा अर्थ यकृत असा आहे. खाटकाच्या दुकानातील 'कलेजी'ने तो मूळ अर्थ अजून सांभाळला आहे. लोकव्यवहारात काळीज हृदयाकडे गेले आणि यकृताचा आपल्याला विसर पडला. या विस्मरणाला एक शारीरिक कारणही असावे. हृदय सदैव धडधडून आपले अस्तित्व जाणवून देते; यकृत बोलत नाही. उजव्या बरगड्यांच्या आड बसलेला हा सुमारे दीड किलो वजनाचा अवयव अन्नरसावर प्रक्रिया करतो, पित्त तयार करतो, रक्त गोठण्यास लागणारी प्रथिने घडवितो, विषारी द्रव्यांचा निचरा करतो. वेदना जाणणारे मज्जातंतू त्याच्या बाहेरच्या आवरणात आहेत, आतल्या गाभ्यात नाहीत. त्यामुळे आत बिघाड चालू असला तरी वर्षानुवर्षे कोणतीही तक्रार उमटत नाही.

हा बिघाड कसा होतो? यकृताला इजा करणारी कारणे अनेक आहेत : हिपॅटायटिस बी आणि सी हे विषाणू, मद्य, आणि मधुमेह व लठ्ठपणा यांच्या संगतीने यकृतात साठणारी चरबी. इजा एकदाच झाली तर यकृत ती भरून काढते. परंतु ती दररोज होत राहिली, तर यकृतातील एरवी 'अ' जीवनसत्त्व साठवून ठेवणाऱ्या ताराकृती पेशी आपले मूळ काम सोडतात आणि कोलॅजेन नावाचे चिवट तंतू विणू लागतात. ही डागडुजीच असते; पण जुन्या भिंतीवर गिलाव्यावर गिलावा चढवीत गेले की खोलीच लहान होत जाते, तसे येथे घडते. या तंतुमयतेला फायब्रोसिस म्हणतात. तिच्या पाच पायऱ्या मानल्या आहेत. शून्य म्हणजे तंतू नाहीत. चार म्हणजे संपूर्ण यकृत गाठीगाठींचे, निबर झाले, अर्थात सिरॉसिस. हे नाव फ्रेंच वैद्य रने लाएनेक याने १८१९ साली दिले. रोगी यकृताच्या पिवळसर तपकिरी रंगावरून, ग्रीक शब्द घेऊन. याच लाएनेकने १८१६ साली स्टेथॉस्कोप शोधून काढला होता. हृदय व फुप्फुसे यांचे बोलणे ऐकण्याचे साधन त्याने जगाला दिले. यकृताचे बोलणे ऐकण्याचे साधन सापडायला मात्र पुढे जवळजवळ दोनशे वर्षे जावी लागली.

या दोनशे वर्षांच्या विलंबाची किंमत माझ्या घराने मोजली आहे. माझ्या धाकट्या भावाची १९६९ साली मोठी शस्त्रक्रिया झाली आणि त्याला तीन बाटल्या रक्त द्यावे लागले. त्यानंतर अठरा वर्षे तो धडधाकट होता. १९८७च्या पावसाळ्यात त्याच्या पोटात पाणी झाले, तेव्हा प्रथम कळले की यकृत निकामी होत आले आहे. सुईने तुकडा काढून पाहावा, तर पोटात पाणी आणि रक्त गोठत नाही. डॉक्टरांनी तो धोका पत्करला नाही. १९८८ साली तो गेला. त्याने आयुष्यात मद्याला स्पर्श केला नव्हता. तरी समाचाराला येणारे दबक्या आवाजात त्याच गोष्टीची चौकशी करीत आणि आमची आई मान खाली घालून बसे. हिपॅटायटिस सी या विषाणूचा शोध जाहीर झाला तो १९८९ साली, आणि आपल्या देशात प्रत्येक रक्तपिशवीची त्यासाठी तपासणी सक्तीची झाली ती २००१ साली. भावाला तोच विषाणू बाधला असे मी ठामपणे म्हणू शकत नाही, तपासणीच नव्हती. परंतु त्या अठरा वर्षांत त्याचे यकृत पायरी पायरीने निबर होत गेले आणि आम्हां कोणालाही त्याची चाहूल लागली नाही, एवढे निश्चित.

सुईची मर्यादा

तंतुमयता जोखण्याचा जुना मार्ग म्हणजे बायॉप्सी. जर्मनीत पाउल एर्लिख याने १८८३ साली सुईने यकृतातील अंश काढून पाहिला होता. १९५८ साली इटलीच्या मेंगिनीने सुई यकृतात जेमतेम एक सेकंद राहील अशी रीत बसविली आणि ही तपासणी जगभर रूढ झाली. तिचे महत्त्व आजही आहे. रोगाचे नेमके कारण ठरवायचे असेल, तर पुष्कळदा तिच्यावाचून चालत नाही. परंतु ती दुखते, क्वचित आत रक्तस्राव होतो, आणि दर वर्षी कोणी ती करून घेणार नाही. शिवाय तो तुकडा संपूर्ण यकृताच्या सुमारे पन्नास हजारांश असतो. तंतू सर्वत्र सारखे पसरलेले नसतात. एखाद्या कादंबरीची एकच ओळ वाचून तिच्यावर अभिप्राय द्यावा, तशी ही अडचण आहे.

मग नेहमीच्या सोनोग्राफीत ही तंतुमयता दिसत नाही काय? हा प्रश्न मीही विचारला होता. नेहमीची सोनोग्राफी प्रतिध्वनीवर चालते. यकृतात चरबी असेल तर ते पडद्यावर अधिक उजळ दिसते, आणि सिरॉसिस पुरता झाला की त्याचा पृष्ठभाग खडबडीत दिसतो. मधल्या पायऱ्या मात्र तिला बहुधा दिसत नाहीत. याचे कारण पदार्थविज्ञानात आहे. यकृताचा बराचसा भाग पाणी आहे. पाण्याप्रमाणेच त्याला दाबून लहान करता येत नाही, मग ते निरोगी असो वा रोगी. दाबाने पुढे सरकणारा ध्वनी दोन्हींतून जवळपास सारख्याच, म्हणजे सेकंदाला सुमारे १५४० मीटर वेगाने जातो. निरोगी आणि निबर यकृतातला मोठा फरक दिसतो तो आडव्या हालचालीत. सरांच्या दोरीवर उठणाऱ्या त्या उंचवट्यासारख्या तरंगात. शालेय पुस्तकांत याला अवतरंग म्हणतात. यकृतात त्याचा वेग सेकंदाला अवघा एक ते पाच मीटर, माणसाच्या चालण्या-धावण्याइतका असतो. आणि यकृत जितके कठीण, तितका तो वेगाने धावतो.

टिचकीचा इतिहास

टिचकी मारून आतली स्थिती ओळखणे आपल्याला नवे नाही. माठ घेताना आपण तो वाजवून घेतो, कलिंगडावरही बोटे वाजवितो. ऑस्ट्रियाचा वैद्य आउएनब्रुगर हा खानावळवाल्याचा मुलगा. पिंप वाजवून त्यातील पातळी ओळखण्याची रीत त्याने रोग्याच्या छातीला लावली आणि १७६१ साली त्यावर ग्रंथ लिहिला. पुढे १८०७ साली इंग्लंडच्या टॉमस यंगने पदार्थाचा ताठरपणा आकड्यात मांडण्याची कल्पना दिली. हा यंग स्वतः वैद्य होता आणि रोझेटा शिलेवरील इजिप्शियन लिपी उलगडण्याच्या उद्योगातही तो होता, याचे मला भाषेचा विद्यार्थी म्हणून विशेष कौतुक वाटते. १८८० साली पॅरिसमध्ये जाक आणि पियेर क्यूरी या बंधूंनी दाखविले की काही स्फटिक दाबले असता वीज निर्माण होते. यांतूनच पुढे विजेच्या साहाय्याने श्राव्यातीत ध्वनी, म्हणजे कानाला ऐकू न येणारा ध्वनी, निर्माण करता आला. पियेर क्यूरी ज्या पॅरिसच्या पदार्थविज्ञान व रसायनशास्त्राच्या विद्यालयात शिकवीत, तेथलाच त्यांचा विद्यार्थी पॉल लांजव्हँ याने पहिल्या महायुद्धात पाणबुड्या शोधण्यासाठी तो वापरला. आणि त्याच विद्यालयात मातियास फिंक यांच्या प्रयोगशाळेत, विसाव्या शतकाच्या अखेरीस, मऊ पदार्थांतील अवतरंग श्राव्यातीत ध्वनीने टिपण्याची युक्ती साधली. त्यातून निघालेल्या इकोसेन्स या कंपनीचे फायब्रोस्कॅन नावाचे यंत्र आणि लोराँ सांद्रँ व सहकाऱ्यांचा त्यावरील निबंध २००३ साली पुढे आला. अमेरिकेत या यंत्राला २०१३ साली मान्यता मिळाली.

या तपासणीला इंग्रजीत इलॅस्टोग्राफी म्हणतात. ज्या बडोद्यात १९३१ साली राज्यकारभाराचे शब्द आठ भाषांत मांडणारा 'श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरु' निघाला, तेथे बसून या शब्दाला मराठी प्रतिशब्द न शोधणे मला अवघड वाटते. म्हणून मी तिला 'काठिण्यमापन' म्हणतो.

टेबलावरची दहा मिनिटे

माझ्या वयाच्या त्र्याहत्तराव्या वर्षी, मधुमेहाच्या नेहमीच्या तपासणीत, सोनोग्राफीच्या अहवालात यकृतात चरबी असल्याची नोंद आली. आमच्या डॉक्टरांनी रक्ततपासणीचा कागद पुढे ओढला आणि तेथेच एक गणित केले. वयाला एएसटीने गुणायचे. मग प्लेटलेटची हजारांतील संख्या आणि एएलटीचे वर्गमूळ यांच्या गुणाकाराने भागायचे. या निर्देशांकाला फिब-४ म्हणतात. माझे वय ७३, एएसटी ४०, प्लेटलेट दोन लाख, एएलटी ३६. उत्तर आले २.४३. सामान्यतः १.३ च्या खाली काळजीचे कारण कमी, आणि पासष्टीपुढच्यांसाठी ही मर्यादा २ धरतात. मी तिच्या वर होतो. नेहमीच्या तीन रक्तचाचण्यांतून, एक पैसाही जादा न खर्चता निघणारी ही पहिली चाळणी आहे. तीत जो अडकेल त्याने काठिण्यमापनाकडे जावे, असा क्रम आहे.

तपासणी अगदी साधी होती. उताणे पडायचे, उजवा हात डोक्यामागे घ्यायचा, म्हणजे बरगड्यांमधील जागा रुंदावते. तेथे जेल लावून मायक्रोफोनसारखा दिसणारा दांडा टेकवितात. त्याचे टोक हलकीशी टिचकी मारते. सेकंदाला ५० आवर्तनांच्या कंपनाचा तो लहानसा झटका असतो. दुखत मुळीच नाही. त्या टिचकीने यकृतात अवतरंग उठतो आणि त्याच क्षणी त्याच दांड्यातून सेकंदाला हजारो वेळा श्राव्यातीत ध्वनीचे स्पंद सोडले जातात. एका अर्थी ती त्या तरंगाची धावती चित्रमालिकाच असते. त्वचेखाली अडीच ते साडेसहा सेंटिमीटर खोलीच्या टप्प्यात तरंग किती वेळात कोठे पोहोचला हे पाहून यंत्र वेग काढते. आणि वेगाच्या वर्गाला ऊतींच्या घनतेने व तीनने गुणून काठिण्य किलोपास्कलमध्ये सांगते. वेग सेकंदाला १.३ मीटर असेल तर सुमारे ५ किलोपास्कल, म्हणजे निरोगी यकृत. वेग २ मीटर झाला तर १२. वेग दुप्पट झाला की काठिण्य चौपट होते. अशी किमान दहा मापने घेऊन त्यांतील मध्यक धरतात. मापनांची पसरण मध्यकाच्या ३० टक्क्यांहून अधिक असेल तर तो आकडा विश्वसनीय मानीत नाहीत. ज्या भागाचे मापन होते तो बायॉप्सीच्या तुकड्याच्या सुमारे शंभर पट असतो. त्याच यंत्राने चरबीचे मापनही होते. त्याला कॅप म्हणतात.

आकडा कसा वाचावा

माझा आकडा आला ९.८. अहवालाच्या तळाशी छापलेल्या कोष्टकाप्रमाणे ही तिसरी पायरी होती. त्या रात्री मला झोप लागली नाही. भावाचे पोट, आईची मान, सारे डोळ्यांपुढे आले. तीन दिवसांनी डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी अहवालावर नुसती नजर टाकली आणि विचारले, "तपासणीआधी काय खाल्लं होतंत?" मी म्हणालो, "पोहे. आणि चहा." ते हसले नाहीत, त्यांनी कागद बाजूला ठेवला.

जेवणानंतर यकृताकडे जाणारा रक्तप्रवाह वाढतो, यकृत ताठरते आणि आकडा फुगतो. म्हणून निदान तीन तास उपाशी राहून ही तपासणी करावी, असा नियम आहे. तारीख देणाऱ्या केंद्राने ते मला सांगितले नव्हते आणि मीही विचारले नव्हते. दोन आठवड्यांनी मधुमेहाच्या गोळीची वेळ डॉक्टरांना विचारून, सकाळी उपाशीपोटी पुन्हा गेलो. आकडा आला ७.२. चरबीच्या विकारात ८ च्या खाली आकडा असेल तर पुढच्या पायऱ्यांची तंतुमयता असण्याचा संभव फारच थोडा, असे मानतात.

हे मी विनोद म्हणून सांगत नाही. जन्मभर मी विद्यार्थ्यांना सांगत आलो की, शब्दाचा अर्थ संदर्भावाचून ठरत नाही. 'कर' हा शब्द हात आहे, सरकारी देणे आहे की आज्ञा आहे, हे वाक्यच सांगते. किलोपास्कलचा आकडाही तसाच आहे. यंत्र तंतू मोजीत नाही, काठिण्य मोजते. आणि यकृत केवळ तंतूंनीच कठीण होते असे नाही. नुकतीच तीव्र कावीळ झाली असेल व एएलटी फार वाढले असेल, पित्तमार्ग अडला असेल, हृदय दुर्बळ होऊन यकृतात रक्त साचले असेल, तरी आकडा वाढतो. पोटात पाणी असेल तर अवतरंग या यंत्राने यकृतापर्यंत पोहोचतच नाही, कारण द्रवातून तो जात नाही. फार स्थूल व्यक्तीसाठी वेगळा, अधिक खोल पाहणारा दांडा लागतो. कारणागणिक कोष्टकही बदलते : फ्रान्समध्ये २००५ साली हिपॅटायटिस सीच्या रोग्यांवरून ७.१, ९.५ आणि १२.५ या सीमारेषा काढल्या गेल्या. त्या जशाच्या तशा प्रत्येक विकाराला लावता येत नाहीत. २००८ पासून काही सोनोग्राफी यंत्रांतच ध्वनीच्या झोताने आतल्या आत टिचकी मारण्याची सोय आली आहे. तिचा फायदा असा की मोजण्याची जागा पडद्यावर पाहून निवडता येते, आणि थोडे पाणी असले तरी काम चालते. पण एका यंत्राचा आकडा दुसऱ्याच्या आकड्याशी ताडू नये. पुढची तपासणी शक्यतो त्याच प्रकारच्या यंत्रावर करावी.

ही सावधगिरी बाळगली तर या आकड्याचे मोल मोठे आहे. २०१५ साली इटलीतील बावेनो येथे यकृततज्ज्ञांनी ठरविले की, सिरॉसिसच्या वाटेवर असलेल्या रोग्याचा आकडा २० च्या खाली आणि प्लेटलेट दीड लाखाच्या वर असतील, तर अन्ननलिकेतील फुगलेल्या शिरा पाहण्यासाठी त्याला दुर्बिणीच्या तपासणीचा त्रास द्यायचे कारण नाही. आणि सर्वांत आशेची गोष्ट अशी की, तंतुमयता ही एकेरी वाट नाही. हिपॅटायटिस सी आता काही आठवड्यांच्या गोळ्यांनी बहुतेकांचा बरा होतो. २०१८ पासून राष्ट्रीय विषाणूजन्य कावीळ नियंत्रण कार्यक्रमात सरकारी केंद्रांतून त्याचे उपचार विनामूल्य मिळू लागले. हिपॅटायटिस बी ताब्यात ठेवता येतो आणि लशीने टाळता येतो. चरबीच्या विकारात वजन सात ते दहा टक्क्यांनी उतरविले तर यकृतातील दाह ओसरतो, आणि पुष्कळांची तंतुमयताही मागे हटते. कारण दूर झाले की यकृत तंतू हळूहळू विरघळवू लागते. मात्र ते पुरते गाठाळण्यापूर्वी आपण तेथे पोहोचायला हवे.

म्हणून ज्यांना मधुमेह आहे, ज्यांचे पोट सुटले आहे, ज्यांना २००१ पूर्वी रक्त दिले गेले, ज्यांच्या घरात कोणाला हिपॅटायटिस बी आहे, त्यांनी आपल्या डॉक्टरांना यकृताविषयी एकदा आपण होऊन विचारावे. लाजू नये. यकृताचा विकार म्हणजे मद्यपानाची कबुली नव्हे. आणि जो मद्य पितो त्यालाही उपचारांचा तितकाच अधिकार आहे.

माझे वजन दोन वर्षांत सहा किलोंनी उतरले आहे. मागच्या महिन्यात पुन्हा टेबलावर पडलो. उपाशीपोटी, उजवा हात डोक्यामागे. आकडा ६.१ आला. टिचक्या मोजता मोजता मला आठवीचा वर्ग, खिडकीचा गज आणि सरांच्या हातातली सैल दोरी दिसत होती. वर्गात माझ्यामागे दोन वर्षांनी माझा भाऊही त्याच बाकावर बसला आणि त्यानेही ती दोरी पाहिली होती. त्याच्यासाठी ती टिचकी मारणारे कोणी त्या वेळी नव्हते. आज आहे; एवढेच या शाळेतील मुलांनी घरी जाऊन आपल्या आजोबा-आजींना सांगावे, ही विनंती.